फुमिनोबाईंची सुरळी

सासूबाईंच्या अंड्यात मीठ जास्त पडतंय हे काजितानींच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि जो तो समजत होता की ते फक्त आपल्यालाच ठाऊक आहे.

चिझुएला ते सगळ्यांत आधी कळलं, कारण डबे भरायचं काम तिचं. रोज सकाळी ओट्यावर चार डबे उघडे मांडलेले असत. नवऱ्याचा, म्हणजे मासानोबूचा, खोल ॲल्युमिनियमचा. सासऱ्यांचा जुना लाकडी. मिओचा सशाच्या चित्राचा. पोरगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आली तरी तो डबा बदलायला तयार नव्हती. आणि चौथा तिचा स्वतःचा, ज्यात उरलंसुरलं जायचं. भात वाफ जाईपर्यंत निववायचा, मगच झाकण लावायचं, मासा भाताला टेकू द्यायचा नाही, कुठे फट राहिली तर हिरवं काहीतरी कोंबायचं. हे सगळं चिझुए अर्धवट झोपेतही करू शकली असती. स्वयंपाकघर हळूहळू तिच्याकडे आलंच होतं. फक्त अंड्याची सुरळी अजून सासूबाईंची होती.

सासूबाईंची, म्हणजे फुमिनोबाईंची, ती सुरळी अख्ख्या बंदरात प्रसिद्ध. तांब्याच्या चौकोनी तव्यावर अंड्याचा पातळ थर ओतायचा, ओलसर असतानाच जेवायच्या काड्यांनी गुंडाळायचा, मोकळ्या जागेत पुन्हा थर, पुन्हा गुंडाळी. कापली की आत नुसते पदर. समुद्री शेवाळाचं आणि सुक्या माशाचं पाणी, फिक्या रंगाचा सोया सॉस, चिमूटभर मीठ, बस्स. साखरेचा कणही नाही. रंग असा पिवळाधमक की मासानोबूनं लहानपणी डबा उघडला की वर्गातली पोरं मान वळवून बघायची.

वसंतात सासूबाईंना सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेली. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. पण एकदा शेगडीवर मासा करपून घरभर धूर झाला, आणि शेगडीला पाठ करून सासूबाई शांतपणे मुळा किसत होत्या, तेव्हाच चिझुएला कळून चुकलं.

मग सांगायचं कुणी? आजेसासूबाई सुझुंचा हिवाळा या घरात कुणी विसरलेलं नव्हतं. हात थरथरायला लागले म्हणून त्यांच्या हातातून हाच तवा काढून घेतला गेला, अगदी प्रेमानं, 'आता तुम्ही बसा हो' म्हणून. त्या बंदराकडच्या खिडकीत जाऊन बसल्या त्या बसल्याच, आणि अंगणातलं 'उमे' नावाच्या आंबट जर्दाळूचं झाड वसंताच्या तोंडावर फुलायच्या आत गेल्या. सासूबाई अधूनमधून म्हणायच्या, "मी नाही हं त्या खिडकीत बसणार. तवा सुटला की मीही सुटले म्हणून समजा." हसत म्हणायच्या, पण ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

क्रीडादिनाच्या आदल्या दुपारी मात्र चिझुएला राहवेना. दर ऑक्टोबरात आळीतली सगळी घरं शाळेच्या मैदानावर जमायची. पळायचं, दोरी ओढायची, आणि दुपारी चटया अंथरून एकमेकांच्या डब्यांत काड्या घालायच्या. काजितानींचा तीन मजली डबा उघडला की शेजारपाजारचे आधी सुरळीवरच तुटून पडायचे. तोकुजिरो, तिचे सासरे, मागच्या अंगणात फाटकं जाळं विणत बसले होते. निवृत्त झाले तरी रोज डबा घेऊन बंदरावर जात, आणि त्यांची बोटं तर निवृत्त व्हायला तयारच नव्हती.

"बाबा, उद्याचं काय करायचं?"

"उद्याचं काय? यंदा मी पळणार नाहीये."

"सुरळीचं म्हणतेय मी."

सासऱ्यांची सुई थांबली. "तुलाही कळलंय होय?"

"बाबा! डॉक्टरांनी तुम्हाला मीठ बंद केलंय आणि तुम्ही रोज डबा चाटूनपुसून आणताय. रक्तदाब किती झालाय तुमचा!"

"मी खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस आहे."

"विनोद नकोय मला."

"विनोद नाही गं. एकदा पोट बिघडलं होतं म्हणून मी डब्यात अंडं उरवून आणलं. तरुण होतो तेव्हा. तर ही आठवडाभर विचारत होती, काय चुकलं, काय चुकलं. तेव्हापासून नाही उरवलं कधी."

"काय कुजबुज चाललीये?" मासानोबू सायकल लावत आत आला. दोघं गप्प झालेले पाहून त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. "अंड्याचं?"

"म्हणजे तुम्हालाही?" चिझुए म्हणाली.

"अगं, डबा खाल्ला की मी अख्खी किटली चहा पितो. गोदामातले लोक विचारतात, काजितानी, तुला साखर झालीये का."

वरच्या खिडकीतून मिओनं डोकं बाहेर काढलं. "मी तर भातात पुरून खाते! एक घास अंडं, चार घास भात. माझं वजन वाढलंय त्यानं!"

एवढं झाल्यावर कुणाला हसू आवरेना. सासरे डोळे पुसत हसत होते. मग एकदम सगळेच थांबले, कारण हसून झाल्यावर प्रश्न तिथेच होता.

"तुम्ही सांगा," मासानोबू वडिलांना म्हणाला.

"तू सांग. मुलगा आहेस."

"मला नाही जमणार. मिओचं ऐकते ती."

"आजीला मी सांगू? मी?" खिडकी धाडकन बंद झाली.

शेवटी ठरलं ते एवढंच, की निदान उद्यापुरती आळीसमोर सासूबाईंची शोभा होऊ द्यायची नाही. त्या त्यांच्या सुरळ्या करतील, मग सासरे त्यांना पूर्वजांच्या देव्हाऱ्यापाशी अडकवून ठेवतील, आणि तेवढ्यात चिझुए दुसऱ्या करून डब्यात भरेल. संध्याकाळी कोबेहून किनुको येणार होती, मासानोबूची थोरली बहीण. तिला यातलं काही सांगायचं नाही यावर मात्र एकमत झालं. वन्संच्या तोंडात तीळ भिजत नसे.

*

सकाळी सासूबाईंनी पाच सुरळ्या केल्या. हात बघावा तर काय सफाई! एकही पदर फाटला नाही. शेवटच्या सुरळीचं अंडं फेटताना त्यांनी जरा थांबून चिमटीत आणखी थोडं मीठ घेतलेलं चिझुएनं पाहिलं होतं. काठाचा तुकडा तिनं हळूच तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी आलं, थोडं मिठामुळे आणि थोडं कशामुळे ते तिचं तिला माहीत.

"अगं ए, इकडे ये जरा," आतून सासऱ्यांची हाक आली. "आज आईला नीट सांगू या, पोरगी पळणार आहे म्हणून."

"आईला? तुम्हाला कधीपासून आईची आठवण यायला लागली?"

"ये तर. उदबत्तीही सापडत नाहीये."

सासूबाई पुटपुटत गेल्या. सासऱ्यांनी जी प्रार्थना सुरू केली ती संपेचना. आजेसासूबाईंपासून थेट जाळ्यांचा धंदा सुरू करणाऱ्या पणजोबांपर्यंत एकेकाचं नाव घेऊन मिओच्या पायांना बळ मागणं चाललं होतं. चिझुएनं सासूबाईंच्या सुरळ्या पातेल्यात घालून लोणच्याच्या माठामागे झाकून ठेवल्या आणि भराभरा अंडी फोडली. या घरात तिनं हा तवा घासला होता, पण त्यावर सुरळी कधी केली नव्हती. कान आतल्या आवाजाकडे, डोळे दाराकडे, हात आपोआप चाललेले. सुरळ्यांना जरा तांबूस डाग पडले. आच मोठी झाली असेल, असं म्हणून तिनं ते डाग खालच्या बाजूला फिरवले, तुकडे कापले आणि डब्याचा वरचा मजला भरून टाकला. चाखून बघायला उसंत कुठली?

झाकण लावतेय तोच किनुको आत आली. कंगवा डोक्यातच होता. "मुळ्याचं लोणचं घेतलंस का गं? बाबांना लागतं."

"घेते, वन्सं."

"राहू दे, मी काढते." ती माठापाशी वाकली. जरा जास्तच वेळ वाकून राहिली. लोणचं घेऊन उठली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता, पण चिझुए तेव्हा रुमालाची गाठ मारत होती.

*

मिओ दुसरी आली. काजितानींच्या चटईवर एवढा आरडाओरडा झाला की पहिल्या आलेल्या मुलीच्या घरचे बिचारे चोरट्यासारखे टाळ्या वाजवत होते. मग भोंग्यावरून जेवणाची सुट्टी जाहीर झाली आणि मैदानभर रुमाल सुटले.

चिझुएनं डब्याचे तिन्ही मजले मांडले. खाली भाताचे मुटके, मधे तळलेली कोंबडी, कमळाचे देठ, मिओला अजूनही लागणारे, ऑक्टोपससारखे पाय चिरलेले सॉसेज, वर सुरळी. शेजारच्या चटईवरून निशिवाकीकाकू काड्या सरसावून आल्याच. त्यांच्या नवऱ्याचं मासळीचं दुकान, आणि तीस वर्षं त्यांना एकच दुःख होतं, की आपल्याला फुमिनोबाईंसारखं अंडं जमत नाही.

"घेऊ ना, फुमिनोबाई?"

"विचारता काय? घ्या."

काकूंनी तुकडा तोंडात टाकला. चावला. चावता चावता थांबल्या. "यंदा काहीतरी..." त्या म्हणाल्या आणि पुढचा शब्द शोधत राहिल्या.

किनुकोनं समोरचा तुकडा उचलला, खाल्ला आणि काड्या खाली ठेवल्या. "हे आईचं नाही," ती म्हणाली. "गोड आहे हे."

चिझुएनं घाईनं एक तुकडा तोंडात घातला. गोडच होता. नुसता गोड नाही, तर तिच्या माहेरच्या, पूर्वेकडल्या उत्सुनोमियाच्या घरातला गोड. दोन चमचे साखर आणि काळा सोया सॉस, तिची आई करायची तसा. तिचं लक्ष दाराकडे होतं तेव्हा हातांनी बिनदिक्कत माहेर गाठलं होतं. तांबूस डाग आचेमुळे नव्हते, साखरेमुळे होते.

"वन्सं, ते..."

"मी सकाळी बघितल्यात आईच्या सुरळ्या. माठामागे झाकून ठेवल्यास." किनुकोचा आवाज चढला. "पाचच्या पाच! कचऱ्यात टाकणार होतीस ना, आम्ही इकडे आल्यावर? सगळं स्वयंपाकघर घेतलंस. एक अंडं उरलं होतं तिच्याकडे. वीस वर्षं थांबलीस, आणखी थोडं थांबवलं नाही तुला?"

"ताई, गप्प बस," मासानोबू म्हणाला.

"का गप्प बसू? बायकोची बाजू घे तू!"

"बाजू नाही घेत मी. तुला माहीत नाही काय ते."

"मग सांग ना!"

मासानोबूनं तोंड उघडलं आणि आईकडे पाहून मिटलं. चिझुए मान खाली घालून बसली. तिला एका वाक्यात सुटता आलं असतं, आणि ते वाक्य तिला बोलायचं नव्हतं. आळीसमोर तर नाहीच. चोर ठरले तरी चालेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. मिओच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, सासरे स्वतःच्या बुटांकडे बघत होते आणि निशिवाकीकाकू, काड्या हवेत, पळून जावं की बसावं या विचारात होत्या.

सासूबाई सावकाश चावत होत्या. त्यांनी घास गिळला आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. नवऱ्याच्या, मुलाच्या, नातीच्या. सगळ्यांत शेवटी चिझुएच्या, आणि तिथे त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"केवढ्यानं ओरडतेस, किनुको," त्या म्हणाल्या. "पलीकडचे पहिले आलेत, त्यांना निदान सुखानं जेवू दे."

"आई, अगं, हिनं तुझं..."

"मीच सांगितलं तिला. यंदा तुझ्या माहेरचं अंडं कर म्हटलं. माझ्या सुरळ्या झाकून ठेव, रात्री घरी खाऊ. पोरगी वीस वर्षं आमचे डबे भरतेय आणि तिच्या आईच्या हातची चव आम्ही एकदाही विचारली नाही. लाज वाटली मला." त्यांनी डबा निशिवाकीकाकूंच्या पुढे सरकवला. "गोड आहे ना? पोरांना आवडेल. घ्या आणखी."

"छान आहे हो," काकू म्हणाल्या. बोलायची संधी मिळाल्यानं त्यांना एवढं हायसं वाटलं की त्यांनी दोन तुकडे घेतले. "पूर्वेकडचं म्हणजे असं असतं होय? मला बाई हे जमेलसुद्धा."

"मग मला आधी का नाही सांगितलं?" किनुको पुटपुटली.

"तुला सांगून काय, भोंग्यावर सांगितल्यासारखंच."

सासरे खो खो हसले, जरा जास्तच मोठ्यानं. चटई हलकी झाली.

*

दोरी ओढायला सगळे मैदानात गेले तेव्हा सासूबाई डबे आवरायच्या निमित्तानं मागे राहिल्या. चिझुए समोर गुडघ्यांवर बसली.

"आई, माझं चुकलं. हात कसा गेला साखरेकडे मला खरंच..."

"गोड होती म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं. "मला नाही कळलं. किनुको बोलली तेव्हा कळलं." त्यांनी एक रिकामा मजला दुसऱ्यात नीट बसवला. "माझ्या कशा होत्या?"

चिझुए आधीच पुसलेलं झाकण पुन्हा पुसायला लागली.

"खारट?"

"...हो."

"कधीपासून?"

"सर्दी झाल्यापासून."

"पण डबे तर रिकामे यायचे," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. "रोज संध्याकाळी मी डबे उघडून बघायचे. जीभ सांगेना म्हणून डब्यांना विचारायचे. चारही रिकामे. म्हणजे जमतंय, असं वाटायचं. शंका आली तर चिमूटभर जास्तच टाकायचे, अळणी नको व्हायला म्हणून."

त्यांनी सगळ्यांनी इतके महिने मायेनं डबे पुसून खाल्ले होते, आणि त्या पुसलेल्या डब्यांनी या बाईला रोज खोटं सांगितलं होतं. "तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं आम्हाला," चिझुए कशीबशी म्हणाली.

"वाटलंच असतं! वाईट वाटून झालं की उठले असते, दुसरं काहीतरी केलं असतं. तुम्ही सगळे कळून बसलात आणि मी एकटीच बाहेर. सुझुसासूबाईंनाही कुणी खरं सांगितलं नाही, नुसतं बसा म्हटलं." मग एकदम आठवून त्या कडाडल्या, "आणि ह्यांचा रक्तदाब! ह्यांना मीठ बंद आहे ना? ह्यांनीही खाल्लं?"

"रोज. ते म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागतोय."

"जागतोय! येऊ दे त्यांना!" म्हणता म्हणता सासूबाईंनी बाहीनं डोळे पुसले आणि त्यांना हसू फुटलं. चिझुएलाही हसू आलं, रडूही आलं. दोरीच्या त्या टोकाला सासरे आडवे पडले होते आणि मिओ त्यांना ओढून उठवत होती.

"मघाशी सगळं अंगावर घेऊन गप्प का बसलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"तुम्ही का खोटं बोललात?"

"तुला चोर म्हणत होती ती. माझ्यासमोर!" एवढंच म्हणून त्या रुमालाची गाठ मारायला लागल्या. पुढे काही बोलायची दोघींनाही गरज वाटली नाही.

त्या रात्री जेवताना किनुकोनं हट्टानं आईची सुरळी वाढून घेतली, पहिला घास घेतला आणि तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. तिनं एकेकाकडे पाहिलं. सासूबाईंनीच चहाचा पेला तिच्याकडे सरकवला. किनुकोनं तो एका दमात संपवला, आणि मग चिझुएचं ताट आपल्या हातानं उचलून धुवायला नेलं. जन्मात पहिल्यांदा.

*

सोमवारी सकाळी चार डबे पुन्हा उघडे मांडले गेले. चिझुए भाताला पंख्यानं वारा घालत होती. सासूबाईंनी सुरळी उतरवली, काठाचा तुकडा कापला आणि काड्यांनी तिच्या तोंडापुढे धरला.

"सांग."

चिझुएनं तो खाल्ला. या बाईच्या कुठल्याही पदार्थाला तिनं आजवर 'छान' शिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं, आणि आताही तिच्या ओठांवर तेच आलं होतं. सासूबाई वाट बघत होत्या.

"खारट आहे, आई."

"किती?"

"खूप. बाबांना देता येणार नाही."

सासूबाईंनी मान हलवली. सुरळी बाजूला सारली, टोपलीतून आणखी अंडी घेतली आणि एका हातानं फोडत म्हणाल्या, "मग उभी काय राहिलीस? मीठ तू टाक. गुंडाळते मी."